हँगरमधून परत आलेलं विमान: दुरुस्तीनंतरचं पहिलं उड्डाण कसं करायचं

पन्नास तासांची तपासणी आटोपून सेसना १७२ हँगरबाहेर ढकलतात, तेव्हा ते एकदम चकचकीत दिसतं. तेल नवं, फिल्टर नवा, स्पार्क प्लग साफ केलेले, काच पुसलेली, लॉगबुकात सही झालेली. शिकाऊ पायलटला वाटतं, आजच्याइतकं भरवशाचं विमान दुसरं नाही. मी एएमई आहे, म्हणजे विमानांची देखभाल करून त्यावर सही करणारी इंजिनीयर, आणि मला नेमकी याच विमानाची सगळ्यात जास्त धास्ती वाटते. परवापर्यंत ते नीट उडत होतं. त्यानंतर माणसांच्या हातांनी त्याचे कितीतरी जोड सोडवले आणि पुन्हा बांधले. ते सगळे बरोबर बांधले गेले की नाही, हे अजून कोणालाच कळलेलं नाही.

ही धास्ती माझ्या एकटीची नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ सी. एच. वॉडिंग्टन आणि त्यांचे सहकारी रॉयल एअर फोर्सच्या कोस्टल कमांडसाठी आकडेमोड करत होते. पाणबुड्या शोधणाऱ्या लिबरेटर विमानांची दर ५० तासांनी ठरलेली तपासणी व्हायची. अवचित होणारे बिघाड त्यांनी कागदावर मांडले, तर बिघाडांची संख्या तपासणीनंतर लगेच सर्वाधिक निघाली आणि पुढच्या तपासणीपर्यंत हळूहळू उतरत गेली. तपासणीमुळे बिघाड कमी व्हायला हवे होते, इथे ते वाढत होते. देखभालीची पद्धत आणि वेळापत्रक बदलल्यावर विमानांचे उड्डाणतास सुमारे ६० टक्क्यांनी वाढले. याचा अर्थ तपासणी टाळा असा मुळीच नाही. हात लागलेली प्रत्येक जागा पुन्हा एकदा पारखून घ्या, एवढाच आहे.

बारामती, धुळे, जळगाव, गोंदिया इथे उडायला शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिते आहे. पुढचे आकडे सेसना १७२ आणि लायकमिंग इंजिनांचे आहेत. तुमचं विमान वेगळं असेल, तर आकडे त्याच्याच पुस्तिकेतून घ्या. आणि एक अट आधीच सांगते: पायलटनं पाना हातात घ्यायचा नाही. काही सैल दिसलं तर बोट दाखवायचं आणि परवाना असलेल्या माणसाला बोलवायचं. स्वतः आवळलेला नट हा नोंद नसलेला नट असतो, आणि नोंद नसलेलं काम पुढच्या माणसाला दिसत नाही.

पायरी पहिली: काय काय उघडलं होतं, ते विचारा

टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, “५० तासांची तपासणी केली, समाधानकारक” एवढं वाचून थांबू नका. जॉब कार्ड, म्हणजे केलेल्या प्रत्येक कामाची नोंद असलेला कागद, मागा. एका कागदावर लिहून काढा: कुठली पाइप सोडवली, कुठली केबल काढली, कुठला सिलिंडर किंवा मॅग्नेटो (स्पार्क प्लगला ठिणगीची वीज पुरवणारं यंत्र) हलवला. हाच तुमच्या प्री-फ्लाइटचा, म्हणजे उड्डाणाआधीच्या तपासणीचा, नकाशा. एरवी आपण विमानाभोवती गोल फिरतो आणि सगळीकडे सारखीच नजर टाकतो. दुरुस्तीनंतर नजर सारखी वाटायची नसते, जिथे हात लागला तिथे ती जास्त वेळ थांबायला हवी.

सर्टिफिकेट ऑफ रिलीज टु सर्व्हिसवर, म्हणजे विमान पुन्हा उडायला सोडल्याच्या दाखल्यावर, ज्यांची सही आहे ते एएमई जवळपास असतील, तर त्यांच्याशी बोला. “सर, काय काय उघडलं होतं?” हा प्रश्न विचारायला कमीपणा नाही आणि चांगल्या एएमईला त्याचा रागही येत नाही. आणखी दोन प्रश्न विचारा, कारण बहुतेक घोटाळे त्यांच्या उत्तरांत दडलेले असतात.

पहिला: काम एकानं सुरू करून दुसऱ्यानं संपवलं का? हे कसं घडतं, सांगते. टेक्निशियन इंधनाच्या पाइपचा नट हातानं तीन आटे फिरवतो, पाना घ्यायला वळतो, तेवढ्यात फोन येतो किंवा दुसऱ्या विमानाजवळ हाक मारतात. अर्ध्या तासानं परतल्यावर नट जागेवर दिसतो. डोळे सांगतात, काम झालंय. शिफ्ट बदलली असेल तर नव्या माणसाला नट हातानंच लावलाय हे कळायला वावच नसतो. म्हणून मी एक नियम पाळते: कामात खंड पडला की परतल्यावर तीन पायऱ्या मागे जायचं, आणि अर्धवट जोडावर लाल फीत बांधल्याशिवाय जागा सोडायची नाही. शेवटची फीत सुटेपर्यंत काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, लागत नाही.

दुसरा: एकसारखं काम दोन ठिकाणी, एकाच हातानं, एकाच दिवशी झालं का? विमानात महत्त्वाच्या गोष्टी दोन-दोन असतात, त्या एक गेली तर दुसरी असावी म्हणून. एकच चूक दोन्हींत केली की ही सोय संपते. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण मोठ्या विमानाचं आहे, पण धडा लहान विमानालाही तसाच लागू पडतो. ५ मे १९८३ रोजी ईस्टर्न एअर लाइन्सचं ८५५ क्रमांकाचं उड्डाण मायामीहून नासाऊला निघालं. तीन इंजिनांचं लॉकहीड ट्रायस्टार, आत १७२ माणसं. तिन्ही इंजिनांचे चिप डिटेक्टर, म्हणजे तेलातले धातूचे कण पकडणारे चुंबकी प्लग, आदल्या रात्रीच बदलले होते. एरवी हे प्लग रबरी ओ-रिंग चढवूनच फोरमनच्या कपाटात ठेवलेले असायचे. त्या रात्री कपाट रिकामं होतं. स्टोअरमधून आलेल्या प्लगवर ओ-रिंग नव्हत्या आणि ते बसवणाऱ्यांच्या लक्षात आलं नाही. गळती पाहायला इंजिनं काही सेकंदच फिरवली. तेवढ्यात तेल बाहेर आलं नाही. हवेत मात्र तिन्हींचं तेल वाहून गेलं. मधलं इंजिन बंद करून वैमानिक मायामीकडे वळले, तर वाटेत उरलेली दोन्हीही थांबली. खाली समुद्र जवळ येत असताना मधलं इंजिन पुन्हा चालू झालं आणि त्या एकावर विमान मायामीला उतरलं. कोणी दगावलं नाही.

आपल्या एका इंजिनाच्या विमानात असं जोडीचं काम म्हणजे मॅग्नेटो. दोन मॅग्नेटो एकाच दिवशी, एकाच माणसानं काढून बसवले असतील, तर पुढच्या दोन पायऱ्या दुप्पट काळजीनं करा.

पायरी दुसरी: काउलिंग लावण्याआधी आत बघा

काउलिंग लागलं की डिपस्टिकच्या झाकणातून जे दिसेल तेवढंच दिसतं. म्हणून दुरुस्तीनंतर पहिल्यांदा विमान घेणार असाल, तर काउलिंग उघडं असतानाच हँगरला जा. चांगली टॉर्च न्या. घाई असलेल्या दिवशी जाऊ नका.

तेलाच्या फिल्टरपासून सुरुवात करा, कारण तो प्रत्येक तपासणीत निघतो. जुना फिल्टर काढताना त्याचं रबरी गॅस्केट कधी कधी इंजिनालाच चिकटून राहतं. त्यावर नवा फिल्टर बसवला की गॅस्केटवर गॅस्केट चढतं. जमिनीवर, कमी आरपीएमला ते धरून राहतं. टेकऑफला दाब वाढला की वरचं गॅस्केट बाहेर सरकतं आणि तेल फवाऱ्यासारखं उडतं. बसवल्यावर हे बाहेरून ओळखणं अवघड, म्हणून सरळ विचारा: “जुनं गॅस्केट फिल्टरबरोबर निघालं होतं ना?” सापडला तर जुना फिल्टरच मागून घ्या आणि त्यावर गॅस्केट आहे का बघा. नव्या फिल्टरवर सेफ्टी वायर, म्हणजे तो सैल होऊ न देणारी तार, हवी, आणि तिचा ताण फिल्टर आवळण्याच्या दिशेनं हवा. उलट बांधलेली वायर शोभेची. आवळायचं माप चॅम्पियनच्या फिल्टरवर छापलेलंच असतं, १६ ते १८ फूट-पाउंड. तेलाच्या ड्रेन प्लगचीही वायर बघा.

इंधनाच्या पाइपा. माझ्या मते काउलिंगखालची सगळ्यात धोक्याची जागा हीच. पाइपच्या टोकाला असलेला नट नुसता हातानं घट्ट केलेला असला, तरी इंजिन चालू होईपर्यंत बरेचदा इंधन गळत नाही. थरथरीनं तो हळूहळू उलटा फिरतो. मग दोनपैकी एक होतं: इंधन बाहेर गळतं आणि खाली तापलेला एक्झॉस्ट असतो, किंवा हवा आत शिरते आणि इंजिन अडखळायला लागतं. आवळलेल्या नटावर रंगाची आडवी रेघ ओढलेली असते. रेघ नट आणि फिटिंग दोन्हींवरून सलग गेलेली असेल, तर आवळल्यानंतर नट हललेला नाही. रेघच नसेल तर विचारा. रेघ तुटलेली असेल तर विमान तिथेच ठेवा. शंभर एलएल या विमानांच्या पेट्रोलला निळा रंग दिलेला असतो. ते उडून गेलं तरी मागे निळसर डाग राहतो. जोडाभोवती असा डाग दिसला, तर तिथून गळती होते आहे किंवा होऊन गेली आहे. आणि वास. पेट्रोलचा वास येतोय असं वाटलं, तर तो खरंच येतोय.

एक गोष्ट ओझरती सांगते. पाइपच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळायची सवय घरच्या नळाच्या कामातून येते. इंजेक्शन असलेल्या इंजिनात त्या टेपचा केसाएवढा तुकडा नोझलमध्ये अडकला तरी एक सिलिंडर गप्प होतो. इंधनाच्या जोडावर पांढरी टेप दिसली तर प्रश्न विचारायलाच हवा.

आता थ्रॉटल (इंजिनाची ताकद), मिक्स्चर (इंधन आणि हवेचं प्रमाण) आणि कार्ब हीट (कार्बोरेटरला गरम हवा) यांच्या केबली. त्यांच्या टोकाला खाचांचा कॅसल नट असतो आणि त्या खाचेतून स्प्लिट पिन जाते. पिन नसेल तर नट सुटतो, बोल्ट निसटतो आणि तुमच्या हातातल्या नॉबचा इंजिनाशी काही संबंध उरत नाही. थ्रॉटलचा बोल्ट निसटला की इंजिन कुठल्या आरपीएमवर अडकेल, हे सांगता येत नाही. सोबत्याला कॉकपिटमध्ये बसवा, तो नॉब पूर्ण आत-बाहेर करेल आणि तुम्ही समोरून बघाल: केबलला जोडलेला इंजिनावरचा दांडा दोन्ही टोकांच्या थांब्याला टेकतो का? मध्ये कुठे घासतो का? पिनची दोन्ही टोकं वाकवलेली आहेत का? केबल सोडवली असेल तर टेक लॉगमध्ये डुप्लिकेट इन्स्पेक्शनची, म्हणजे दुसऱ्या परवानाधारकानं स्वतंत्रपणे केलेल्या तपासणीची, नोंद शोधा. इंजिनाच्या कंट्रोलला दोन जोडी डोळ्यांनी बघायचंच असतं. तीच सही पुन्हा खाली आली असेल, तर ती दुसरी जोडी नव्हे.

मॅग्नेटो आणि स्पार्क प्लगच्या तारा पुढच्या पायरीत जास्त बोलतील. इथे एवढंच बघा: प्रत्येक तार प्लगवर घट्ट बसली आहे, एक्झॉस्टला टेकत नाही, आणि मॅग्नेटोचा क्लॅम्प हलत नाही. क्लॅम्प सैल राहिला तर मॅग्नेटो जागेवरच फिरतो आणि टायमिंग उडता-उडता बदलत जातं. प्लगबद्दल एक जुनी शिस्त आहे: प्लग हातातून खाली पडला की तो पुन्हा इंजिनात जात नाही. आतलं चिनीमातीचं आवरण तडकलेलं बाहेरून दिसत नाही.

सिलिंडर बदलला असेल तर बराच वेळ तिथे थांबा. सिलिंडर क्रँककेसला मोठ्या नटांनी धरून ठेवलेला असतो, आणि त्यातले काही बोल्ट केसच्या आरपार जाऊन आतल्या मुख्य बेअरिंगनाही पकडून असतात. नट कमी आवळले गेले, तर इंजिनाच्या प्रत्येक धक्क्यासरशी बोल्ट ताणला जातो, थकतो आणि शेवटी तुटतो. मग उरलेल्यांवर भार येतो आणि तेही जातात. सिलिंडर केसपासून सुटल्याचे अपघात असेच घडतात. बरेचदा टॉर्क रेंचवर आकडा बरोबर दाखवलेला असतो, पण सिलिंडरच्या बुडाशी किंवा नटाखाली रंगाचा थर असतो, आट्यांवर सांगितलेलं वंगण नसतं. रंगाचा थर पुढे दबतो आणि आवळलेपण नाहीसं होतं. सिलिंडरच्या बुडाशी ताजं तेल, तुटलेली रेघ किंवा काळपट-तांबूस भुकटी दिसली, तर दोन धातू एकमेकांवर घासताहेत. ते विमान त्या दिवशी उडायचं नाही.

शेवटी, आत राहून गेलेल्या वस्तू. मी शिकाऊ होते तेव्हाची गोष्ट. काउलिंग लावून झालं होतं, स्क्रू आवळत होते. आमचे सीनियर येऊन म्हणाले, “तुझी टॉर्च कुठंय गं?” खिशात नव्हती. ट्रॉलीवर नव्हती. काउलिंग पुन्हा उघडलं, तर सिलिंडरमागच्या पत्र्याच्या बॅफलवर ती आडवी पडली होती, थ्रॉटलच्या केबलपासून वीतभर अंतरावर. ते रागावले नाहीत. त्यांनी मला अवजारांच्या फळ्यावरची प्रत्येक रिकामी आकृती बोटानं दाखवायला लावली आणि मगच काउलिंग लावू दिलं. तुम्हीही विचारा: अवजारं मोजली का? फडकी मोजली का? सिलिंडर काढल्यावर हवेच्या नळीच्या तोंडात धूळ जाऊ नये म्हणून कोंबलेलं फडकं तिथेच राहून जाणं, टाकीच्या व्हेंटवर लावलेली चिकटपट्टी तशीच राहणं, यांनीही इंजिनं बंद पडली आहेत.

पायरी तिसरी: जमिनीवर चालवा, बंद करा, पुन्हा उघडा

ईस्टर्नच्या विमानात गळती तपासायला इंजिनं काही सेकंद फिरवली, हे विसरू नका. गळती बाहेर यायला तेल गरम व्हावं लागतं आणि दाब यावा लागतो. अपवाद नव्या सिलिंडरचा. त्याला जमिनीवर फार वेळ चालवायचं नसतं, कारण उभ्या विमानात थंड हवा पुरत नाही आणि पिस्टनच्या रिंग नीट बसत नाहीत. त्याचा जमिनीवरचा वेळ उत्पादकाच्या सूचनेप्रमाणेच ठेवा.

चालू केल्यावर ३० सेकंदांत तेलाचा दाब वर आला पाहिजे. नाही आला तर इंजिन बंद. कारण शोधत बसायचं ते नंतर.

मग रन-अप, म्हणजे उड्डाणाआधीची इंजिनाची चाचणी. १७२एनमध्ये १७०० आरपीएमला मॅग्नेटो तपासतात, एकेकावर घट १२५ पर्यंत आणि दोघांतला फरक ५० पर्यंत चालतो. १७२एसमध्ये १८०० आरपीएम, घट १५० पर्यंत, फरक तोच ५०. हे पाठ असतंच. घट म्हणजे काय हे मात्र फार कमी जण विचारतात. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन प्लग असतात. एका मॅग्नेटोवर आलात की एकाच ठिणगीनं जळण थोडं मंद होतं, म्हणून आरपीएम थोडा उतरतो. म्हणजे थोडी घट व्हायलाच हवी.

घट मोठी आणि इंजिन खडखडतंय: एखादा प्लग किंवा तार काम करत नाही. घट मोठी पण इंजिन गुळगुळीत: टायमिंग उशिरा असू शकतं, किंवा मिश्रण वेगळं असेल. घट अजिबातच नाही: याला बरेच जण “क्या बात है” म्हणून पुढे जातात, आणि मला याचीच सगळ्यात जास्त भीती. मॅग्नेटोला बंद करणारी तार सुटलेली असेल, तर किल्लीनं तो बंद होतच नाही. अशा विमानाचा पंखा हातानं हलवला तरी इंजिन एकदम पेटू शकतं आणि समोरचा माणूस जातो. म्हणून शेवटी आयडलवर क्षणभर किल्ली ऑफवर नेऊन लगेच परत आणा. इंजिन विझायला लागलं तर तारा जोडलेल्या आहेत. विझलं नाही, तर पंख्याजवळ कोणालाही फिरकू देऊ नका आणि एएमईला बोलवा. फार कमी घटीचं दुसरं कारण म्हणजे टायमिंग फार पुढे असणं. मग ठिणगी वेळेआधी पडते, सिलिंडर तापतात आणि टेकऑफच्या पूर्ण ताकदीत पिस्टनला भोकही पडू शकतं.

आता दोन्ही मॅग्नेटो एकाच माणसानं, एकाच चुकीच्या खुणेवर लावले तर? रन-अपमध्ये त्या दोघांत फरकच दिसणार नाही. ही चाचणी मॅग्नेटोंची तुलना एकमेकांशी करते, बरोबर वेळेशी नाही. बऱ्याच लायकमिंग ओ-३२० आणि ३६० इंजिनांत ठिणगी पिस्टन वर पोहोचायच्या २५ अंश आधी पडते, काहींत २०. नेमका आकडा इंजिनावरच्या पाटीवर कोरलेला असतो. मॅग्नेटो निघाले असतील, तर पाटीवरचा आकडा आणि जॉब कार्डवर लिहिलेला आकडा स्वतः ताडून बघा. तीस सेकंदांचं काम आहे.

कार्ब हीट ओढल्यावर आरपीएम उतरला पाहिजे. नाही उतरला तर केबल सुटलेली आहे किंवा झडप अडकली आहे. शेवटी चाकांना चोक लावून, स्वच्छ जमिनीवर, पूर्ण थ्रॉटल. १७२एसला उभ्या जागी साधारण २३०० ते २४०० आरपीएम मिळाला पाहिजे. त्याहून कमी म्हणजे इंजिनाला हवा, इंधन किंवा ठिणगी यांपैकी काहीतरी कमी पडतंय.

मग बंद करा, किल्ली काढा आणि काउलिंग पुन्हा उघडा. फिल्टरच्या खाली, तेलाच्या नळ्यांच्या आणि इंधनाच्या जोडांच्या खाली पांढरा कागदी रुमाल फिरवा. एएमई सोबत असू द्या आणि तापलेल्या एक्झॉस्टपासून हात जपा. रुमालावर तेलाचा पिवळट किंवा पेट्रोलचा निळा डाग पडला, तर दिवस तिथे संपला.

पायरी चौथी: पहिलं उड्डाण

दिवसाउजेडी, चांगल्या हवेत, आणि फक्त ज्यांची गरज आहे त्यांनीच. पहिल्या सोलोला, म्हणजे एकट्यानं उडायला, निघालेल्या विद्यार्थ्याला हे विमान देऊ नका. मागच्या सीटवर मित्र नको. क्रॉस-कंट्री तर नकोच.

टेकऑफच्या धावेत सुरुवातीलाच एकदा आत बघा: आरपीएम, तेलाचा दाब, तापमान. शंका आली तर थ्रॉटल मागे, रनवे अजून समोर आहे. वर गेल्यावर गावाबाहेर जाऊ नका. विमानतळाच्या वर, टॉवरला सांगून, गोल फिरत उंची घ्या, म्हणजे इंजिन कधीही थांबलं तरी इंजिनाशिवाय तरंगत रनवेपर्यंत पोहोचता येईल. अर्धा तास पुरे. दर पाच मिनिटांनी तेलाचा दाब आणि तापमान कागदावर लिहा. आकडा वाईट असण्यापेक्षा तो सरकतोय का, हे महत्त्वाचं. दाब हळूहळू उतरतोय आणि तापमान चढतंय, हे दोन्ही एकदम दिसलं तर तेल जातंय. इंजिन अजून चालतंय म्हणून धीर धरू नका, चालतंय तोवरच उतरा.

उतरल्यावर काउलिंग पुन्हा उघडायचं. तीच जागा, तोच रुमाल. रेघा सलग आहेत ना? हे झालं की मगच विमान रोजच्या यादीत घ्या.

पायरी पाचवी: इंजिन थांबलंच तर

टेकऑफनंतर लगेच थांबलं, तर पहिली हालचाल नाक खाली. चढताना नाक वर असतं, ताकद गेली की वेग काही सेकंदांत घसरतो. समोर, डावीकडे-उजवीकडे थोडंसं, जे मोकळं दिसेल तिथे उतरा. रनवेकडे वळायचा मोह होतो. पण मागे वळून रनवेच्या रेषेत यायला १८० अंश पुरत नाहीत, त्याहून जास्त वळावं लागतं, आणि कमी उंचीवर, कमी वेगात, कललेल्या विमानात स्टॉल झाला, म्हणजे पंखांची उचल गेली, तर सावरायला जागा नसते. कुठल्या उंचीखाली वळायचं नाही, हे टेकऑफच्या आधीच इन्स्ट्रक्टरबरोबर मोठ्यानं ठरवा.

उंचीवर थांबलं तर ग्लाइडचा, म्हणजे इंजिनाशिवाय तरंगत खाली येण्याचा, वेग धरा: १७२एनला ६५ नॉट, १७२एसला ६८. वारा नसताना हजार फुटांमागे साधारण दीड नॉटिकल मैल मिळतो. आधी जागा ठरवा, मग हात फिरवा: इंधन सिलेक्टर बोथवर, मिक्स्चर रिच, कार्ब हीट किंवा इंधन पंप तुमच्या विमानात जे असेल ते, मॅग्नेटो बोथवर. इंजिन खडखडत असेल तर डावा आणि उजवा मॅग्नेटो एकेक करून बघा. टायमिंग घसरलेला मॅग्नेटो बंद केला की दुसऱ्यावर इंजिन चक्क सुधारतं, आणि मग तसंच ठेवून उतरा. थ्रॉटलची केबल तुटून ताकद वर अडकली असेल, तर मिक्स्चर लगेच ओढू नका. त्या ताकदीवर विमानतळावर या, रनवे हमखास हातात आल्यावर मिक्स्चरनं इंजिन बंद करा. पेट्रोलचा वास किंवा आगीची शंका आली, तर मात्र इंधन आणि मिक्स्चर बंद. रेडिओवर मेडे, ट्रान्सपॉन्डरवर आणीबाणीचा कोड ७७००, आणि खाली येताना मास्टर (विजेचा मुख्य स्विच) बंद, दार थोडं उघडं.

जागेबद्दल इथल्या मातीतलं थोडं. वरून हिरवागार, सपाट दिसणारा पट्टा ऊस असतो, आणि पूर्ण वाढलेला ऊस माणसापेक्षा उंच. द्राक्षाच्या आणि डाळिंबाच्या बागांत तारा आणि खांब. शेततळं वरून मोकळं मैदान वाटू शकतं. ज्वारी, हरभरा निघालेलं रिकामं रान सगळ्यात चांगलं. नांगरलेलं असेल तर नांगराच्या तासांच्या दिशेनं उतरा, आडवं नाही. वीजतारा दिसत नाहीत, खांब दिसतात: दोन खांब दिसले की मध्ये तार आहे असं धरा.

उतरून सगळे बाहेर आले, लांब गेले, की घटनेची माहिती डीजीसीए (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) आणि विमान अपघात तपास करणाऱ्या एएआयबीकडे जाते. तोवर विमानाला हात लावू नका, माणसं वाचवायला लागेल तेवढं सोडून. गर्दी जमेल, कोणीतरी मदत म्हणून काउलिंग उघडेल, कोणी सैल दिसणारा नट हातानं बसवून देईल. गावच्या पोलीस पाटलांना सांगून दोरी बांधून घ्या. सिलेक्टर, मिक्स्चर, किल्ली कुठल्या स्थितीत आहेत त्याचे फोटो काढा, आणि काही सुरक्षिततेसाठी बदलावं लागलं तर आधी काय होतं ते लिहून ठेवा. टेक लॉग आणि जॉब कार्ड त्याच संध्याकाळी बाजूला काढून कुलपात ठेवा. आणि ज्यानं ते काम केलं त्याला, सही करणाऱ्यालाही, त्या रात्री एकटं सोडू नका. पाना कुठे ठेवला होता, हाक कोणी मारली, शिफ्ट केव्हा बदलली, हे त्याला अजून आठवत असतं, आणि बिघाडाचं खरं कारण बहुधा त्या आठवणीतच असतं.